१००९ नाबाद : स्कोअरबुकात न सापडणारी केस

एमपीएडची (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीची) पोरं प्रबंधाचा विषय घेऊन येतात तेव्हा दहातले आठ विषय एकाच साच्यातले असतात, म्हणजे अमुक आठवड्यांच्या ट्रेनिंगचा तमुक खेळाडूंच्या चपळतेवर परिणाम, मग शटल रन, स्टॉपवॉच, टी-टेस्ट आणि बायंडिंग. त्यात वाईट काही नाही. पण कोचिंगमुळे ते पोरगं माणूस म्हणून कसं घडलं हा प्रश्न काढला की सगळे सचिनचे कोच आचरेकर सर यांनी स्टंपवर ठेवलेल्या, आऊट न होणाऱ्याला मिळणाऱ्या एक रुपयाच्या नाण्यापाशी येऊन थांबतात, आणि एवढ्या गोष्टीवर रिसर्च होत नाही ना. म्हणून मी अशा पोरांना एकच केस देतो आणि म्हणतो, आधी ही सोडवा. केस सगळ्यांना माहितीये, म्हणजे सगळ्यांना वाटतं की माहितीये. प्रणव धनावडे, कल्याण, १००९ नाबाद.

आधी जे घडलं तेवढंच मांडतो. जानेवारी २०१६, ४ आणि ५ तारीख, कल्याणच्या वायलेनगरचं मैदान, मुंबई क्रिकेट असोसिएशनची मान्यता असलेली भंडारी कप ही १६ वर्षांखालची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुलची पहिली बॅटिंग, ३१ वर ऑलआऊट. मग के. सी. गांधीकडून प्रणव ओपनिंगला आला, विकेटकीपर बॅट्समन, वय १५, दहावीचं वर्ष, वडील रिक्षा चालवायचे. पहिला दिवस संपला तेव्हा तो ६५२ वर नाबाद आणि टीम १ बाद ९५६. दुसऱ्या दिवशी हजार पार. डाव सोडला तेव्हा स्कोअर ३ बाद १४६५, त्यात त्याचे ३२७ बॉलमध्ये १००९, १२९ चौकार आणि ५९ षटकार. आर्य गुरुकुल दुसऱ्यांदा ५२ वर आऊट. एक डाव आणि १३८२ रननी विजय.

आता एक साधं गणित करा जे तेव्हा कुठल्याच चॅनेलनं केलं नाही. ३१ आणि ५२, दोन्ही डाव मिळून ८३. म्हणजे के. सी. गांधीने ८४ वर डाव सोडला असता तरी डावाने जिंकले असते! बरं हे मागाहून कळलेलं गणित आहे, मान्य, मॅच चालू असताना ५२ कुणाला माहीत होते, पण समोरची टीम ३१ वर गुंडाळलीये हे दिसत होतं आणि २०० झाले तेव्हाच निकाल लागला होता हे शाळेच्या क्रिकेटमध्ये दोन वर्षं काढलेला कुणीही सांगेल. त्यानंतरचे साडेबाराशे रन मॅच जिंकण्यासाठी नव्हते. मग कशासाठी होते? केस इथून सुरू होते.

समोरच्या टीमबद्दल त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये एक तपशील आला होता जो नंतर सगळे विसरले. परीक्षेमुळे शाळेची मोठी मुलं खेळायला आली नव्हती आणि उतरली होती ती बरीच लहान पोरं. मैदान छोटं, एका बाजूची बाऊंड्री अगदीच जवळ, कॅच ढिगाने सुटले. हे सांगितलं की लगेच लोकांना वाटतं आपण प्रणवचं कौतुक कमी करतोय. अजिबात नाही. पंधरा वर्षांच्या पोराने जवळपास साडेसहा तास उभं राहून तीनशेच्या वर बॉल खेळले आणि एकदाही आऊट झाला नाही, अहो समोर कोणीही असो, एकाग्रता लागतेच, ३०० नंतर भलेभले हवेत मारून घरी जातात. त्याचं त्याला पूर्ण द्या. माझा मुद्दा मोठ्यांबद्दलचा आहे.

निर्णयाची खरी जागा ४ तारखेची संध्याकाळ. जुना विक्रम होता ए. ई. जे. कॉलिन्सचा, इंग्लंडमध्ये क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर १८९९ साली नाबाद ६२८. तो पहिल्या दिवशीच मोडला होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटिंग चालू ठेवायची की नाही हा शांत डोक्याने, रात्रभर विचार करून घेता येण्यासारखा निर्णय होता. आता प्रामाणिकपणे सांगा, पोरगं ६५२ वर आहे, हजार दिसतायत, अख्खं गाव फोन करतंय, डाव सोड म्हणायची कुठल्या कोचची छाती होईल? सोडला असता तर त्याच कोचला लोकांनी शिव्या घातल्या असत्या. म्हणून 'कोच चुकला' असं लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला मी वही परत देतो. केस स्टडीत निकाल द्यायचा नसतो. निर्णय कुणी घेतला, कुणाच्या दबावात घेतला, कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही, ते शोधायचं असतं.

तुलनेला १९८८ घ्या. फेब्रुवारी महिना, हॅरिस शील्ड ही मुंबईची शालेय स्पर्धा, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, सचिन आणि कांबळीची ६६४ ची अभंग भागी. असिस्टंट कोच बाहेरून डाव सोडा म्हणून खुणा करतोय आणि ही दोघं बघून न बघितल्यासारखं करतायत. शेवटी लंचला आचरेकर सरांशी फोनवर बोलणं झालं, कांबळी ३४९ वर होता, एक रन करू द्या म्हणाला, सर नाही म्हणाले, डाव सोडला. किस्सा म्हणून सगळ्यांना पाठ आहे. पण रिसर्चच्या नजरेने बघा, इथे एक मोठा माणूस होता ज्याच्या डोक्यात मॅच कधी संपली हे ठरलेलं होतं आणि पोराचा आकडा त्यानंतर येत होता. ते बरोबर होतं का हा वेगळा वाद, तसल्या शिस्तीने मोडलेली पोरंही असतीलच ना, त्यांचे किस्से कोण सांगतो? दादर-माटुंग्याचं निम्मं क्रिकेट असल्या न सांगितलेल्या किश्श्यांचं आहे, असो.

आता कल्याणनंतरचं. सचिनने अभिनंदन केलं, सही केलेली बॅट पाठवली. असोसिएशनने महिना १० हजारांची स्कॉलरशिप जाहीर केली, पाच वर्षांसाठी. मे महिन्यात नवंच प्रकरण, पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालच्या टीममध्ये अर्जुन तेंडुलकर आला आणि प्रणव नाही, झालं, सोशल मीडियावर रान पेटलं, रिक्षावाल्याचा पोरगा विरुद्ध देवाचा पोरगा वगैरे. त्या निवडीच्या शर्यतीत प्रणव नव्हताच, तो मुंबईच्या १६ वर्षांखालच्या टीममध्येच नव्हता, आणि आमची काही तक्रार नाही हे त्याच्या वडिलांना सांगावं लागलं. डिसेंबर २०१६ मध्ये कल्याणच्या सुभाष मैदानात मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी जागा केली म्हणून प्रणवने हरकत घेतली तर पोलिसांनी पोलीस स्टेशनात नेलं. आणि २०१७ मध्ये वडिलांनी असोसिएशनला पत्र दिलं, पोराचा फॉर्म नाहीये, स्कॉलरशिप थांबवा, पुन्हा खेळायला लागला की बघू.

या पत्रापाशी मी वर्गात बराच वेळ काढतो. महिना १० हजार ही रिक्षावाल्याच्या घरात छोटी रक्कम नाही. ती कुणी काढून घेतली नव्हती, त्यांनी आपणहून सोडली. का? कारण घरातल्यांच्या मनात ते पैसे रनचे होते, रन आटले म्हणजे पैशावर हक्क उरला नाही. पोरांना यात वडिलांचा सच्चेपणा दिसतो आणि तो आहेच, पण त्याच्यापुढे जाऊन बघा की सतरा वर्षांच्या मुलाला यातून काय कळलं असेल. की मदत ही शिकणाऱ्या माणसाला नसते, आकड्याला असते? हा माझा अंदाज, त्याने असं कुठे म्हटलेलं मी वाचलेलं नाही, म्हणूनच प्रबंधात हे वाक्य प्रश्न म्हणून लिहायचं. निष्कर्षात ढकललंत तर परीक्षक सोडणार नाही आणि सोडूही नये.

आणि इथे सगळ्यात सोपा सापळा येतो. प्रसिद्धीने पोरगं संपवलं, मीडियाने वाट लावली, हे वाक्य दर वर्षी कुणीतरी लिहून आणतंच. पुरावा? त्या मॅचआधी त्याचा शाळेतला सगळ्यात मोठा स्कोअर १५२ होता. मुंबईत १६ वर्षांखाली शतकं ठोकणारी पोरं प्रत्येक मैदानावर सापडतात, त्यातून रणजीपर्यंत पोचणारी हाताच्या बोटांवर. काहीच गाजावाजा झाला नसता तरी कल्याणचा एक बरा विकेटकीपर बॅट्समन पुढे कॉलेज आणि क्लब क्रिकेट खेळला असता हीच जास्त शक्यता नाही का? मग तो 'फेल' कुठे झाला? आपण १००९ ही अपेक्षा धरली आणि तिच्या मानाने तो कमी पडला असं म्हणतोय, म्हणजे मोजपट्टीच एका दिवसाची. कॉलिन्सचं बघा, त्याच्याही मैदानाची एक बाजू जवळच होती, तेरा वर्षांचा होता, तो पुढे फर्स्ट क्लास क्रिकेट कधीच खेळला नाही, सैन्यात गेला आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. दुसरीकडे पृथ्वी शॉने २०१३ ला हॅरिस शील्डमध्ये ५४६ केले आणि २०१८ ला टेस्ट पदार्पणात शतक ठोकलं, आणि त्याच्याही पुढच्या वाटेवर खड्डे निघालेच. शाळेतल्या एका डावावरून पुढचं काहीच सांगता येत नाही, असं म्हणणं कंटाळवाणं वाटतं पण तेच खरं आहे.

मग बघायचं काय आणि कसं? यासाठी मी पोरांना अमेरिकेत सिअ‍ॅटलला पाठवतो, कागदावर. तिथे स्मिथ आणि स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल लीगवर काम केलं आणि आजही या विषयात त्याच्या पुढे जाताना त्यांच्या अंगणातूनच जावं लागतं. त्यांनी काय केलं, मैदानाच्या कडेला माणूस बसवला आणि कोच जे जे करतो, बोलतो ते १२ प्रकारांत टिपायला लावलं. चांगलं खेळल्यावर शाबासकी की दुर्लक्ष. चुकल्यावर धीर, की कसं करायचं ते दाखवणं, की शिक्षा, की दाखवताना टोमणा, की तोंड फिरवणं. मग आपणहून दिलेल्या सूचना, प्रोत्साहन, आवराआवर, दंगा आटोक्यात ठेवणं, इकडच्या-तिकडच्या गप्पा. ५१ कोच, २०२ मॅच, ५७ हजारांच्या वर नोंदी. नंतर ५०० च्या वर मुलांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तुझा कोच कसा आहे. आणि तिसरं, कोचलाच विचारलं, तुम्ही स्वतः काय करता असं तुम्हाला वाटतं.

कोचला वाटत होतं आणि कोच करत होता याचा मेळ जवळपास बसलाच नाही, शिक्षेचा भाग सोडला तर. मुलांनी सांगितलेलं मात्र नोंदींच्या बरंच जवळ होतं. म्हणजे आपल्याकडच्या प्रबंधांत 'प्रशिक्षकांना प्रश्नावली दिली' म्हणून जो सगळा डोलारा उभा असतो त्याखालची जमीनच भुसभुशीत आहे हे दोघांनी त्या काळात दाखवून ठेवलंय आणि आपण अजून प्रश्नावल्या वाटतोय! मुलांना कोच आवडण्याचा टीमच्या हार-जीतीशी फारसा संबंध नव्हता. पण जिंकणाऱ्या टीममधल्या पोरांना वाटायचं की आपल्या आईबाबांना कोच जास्त आवडतो. लहान पोरांना मोठ्यांचं राजकारण किती लख्ख दिसतं बघा.

पुढे त्यांनी काही कोचना सीझनआधी दोनेक तासांचं ट्रेनिंग दिलं, बाकीच्यांना नाही. ट्रेनिंगवाल्यांच्या टीम काही जास्त जिंकल्या नाहीत, पण पोरांना खेळ जास्त आवडला, आणि ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळातच कमी होता त्यांना जास्त फायदा झाला. १९९२ ला छापलेल्या पुढच्या अभ्यासात ट्रेनिंग न घेतलेल्या कोचकडची २६ टक्के मुलं पुढच्या वर्षी परतली नाहीत, ट्रेनिंगवाल्यांकडची फक्त ५ टक्के. कोच मोजकेच होते, दुसऱ्या देशातला दुसरा खेळ होता, त्यामुळे आकडे उचलून कल्याणला चिकटवू नका. प्रश्न मात्र उचलाच, पुढच्या वर्षी परत आला का?

माझ्या एका विद्यार्थिनीने ही १२ प्रकारांची शीट मराठीत करून १४ वर्षांखालच्या एका मॅचला वापरली. झाडाखाली पाण्याच्या ड्रमपाशी बसली, कारण कोचही तिथेच उभे. पहिली अडचण आली ती कोच जोरात बोलतच नाहीत याची, जवळ आलेल्या पोराच्या डोक्यावर टपली मारून 'हं' म्हणतात. ही शाबासकी की टोमणा? पोराला विचारलं तर म्हणाला, सर टपली मारतात म्हणजे खूश आहेत, खूश नसले की नावाने हाक मारतात, एरवी गोट्या म्हणतात. आता हे सिअ‍ॅटलच्या शीटमध्ये कुठे बसवणार? तिने वेगळा रकाना केला आणि तळटीप लिहिली, आणि तिच्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं पान तेच झालं. 'डोकं घरी ठेवून आलास का' हे वाक्य तिने सरसकट शिक्षेत टाकलं होतं, पोरं म्हणाली सर हे सगळ्यांनाच म्हणतात, त्याचं काय. पण मैदानाच्या कडेला, बाराव्या नंबरला बसलेला एकजण काहीच बोलला नाही. त्याच्यासाठी तेच वाक्य वेगळं असू शकतं.

परत कल्याणला येऊ. त्या मॅचच्या १४६५ रनचा हिशोब स्कोअरबुकात आहे, चौकार मोजलेत, षटकार मोजलेत. पण दोन दिवसांत दोन्ही बाजूच्या कोचनी पोरांना काय सांगितलं याची आपल्याकडे एक ओळ नाही. कॅच सुटल्यावर काय बोलले? ४ तारखेला संध्याकाळी आर्य गुरुकुलच्या पोरांना घरी पाठवताना काय बोलले? कारण ती पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी परत मैदानावर आली, ३१ वर आऊट होऊन, ९५६ रन खाऊन, परत आली. या दोन दिवसांतली मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी कामगिरी तीच वाटते. कुणी समजावलं म्हणून आली, मित्र जातायत म्हणून आली, की न येण्याची सोयच नव्हती, हे कोणी विचारलेलं नाही.

कॅनडातले जॉं कोटे आणि अमेरिकेतले वेड गिल्बर्ट यांनी २००९ साली चांगल्या कोचिंगची एक मांडणी केली, त्यात खेळाडूकडे चार अंगांनी बघायचं असतं, खेळातली क्षमता, आत्मविश्वास, माणसांशी जोडलं जाणं आणि स्वभावातली नीती. प्रणवबद्दल आपल्याकडे फक्त पहिल्याची माहिती आहे, तीही एका डावाची. बाकी तिन्ही रकाने कोरे, आणि समोरच्या अकरा जणांचे चारही कोरे. तरी गेली इतकी वर्षं आपण या केसचे निष्कर्ष काढतोय.

बरं, नियमांचं काय? अनेक देशांत लहान मुलांच्या क्रिकेटमध्ये ठरावीक रन किंवा बॉल झाले की बॅट्समनने निवृत्त व्हायचं असा नियम असतो, पोरांच्या बेसबॉलमध्ये फरक ठरावीक रनच्या वर गेला की मॅच थांबवतात. हा विषय वर्गात काढला की भांडण ठरलेलं. मुंबईकडची पोरं म्हणतात असले नियम आणले तर मुंबईचा खडूसपणा, म्हणजे विकेट न फेकण्याचा चिवटपणा, जाईल, मोठा डाव खेळायची भूक इथेच तर तयार होते. त्यात तथ्य आहे. माझं मत विचाराल तर १६ वर्षांखाली बॅटिंगवर मर्यादा नको, पण दोन्ही टीमच्या वयात आणि तयारीत एवढी तफावत असेल तर टॉसआधीच अंपायर आणि दोन्ही कोचनी बसून मॅच छोटी करायची सोय स्पर्धेच्या नियमांत असावी. लीड ५०० झाल्यावर कुणाच्या चांगुलपणावर सोडलं की मग ६५२ ची संध्याकाळ येते आणि कुणाकडूनच नाही म्हणवत नाही.

ज्या कुणाला यावर खरंच काम करायचंय त्याने प्रणवच्या मागे लागू नये ही माझी अट असते, त्या माणसाला खूप लोकांनी खूप वेळा तेच प्रश्न विचारलेत. फील्डिंगच्या टीममधली पोरं शोधा. ती आता विशीत आहेत, कॉलेज करून कुठेतरी नोकरीला लागली असतील. थेट फेसबुकवरून मेसेज टाकायचा नाही, शाळेमार्फत जायचं, लेखी संमती घ्यायची, नावं बदलायची आणि भेट एकेकट्याची, कोच किंवा जुने टीममेट शेजारी नकोत. आणि १००९ चं नाव आपणहून काढायचं नाही. आधी विचारायचं, पुढच्या सीझनला खेळलास का, नसशील तर त्या वर्षी संध्याकाळी काय करायचास. मग गप्प बसून ऐकायचं, रेकॉर्डर चालू आहे ना एवढं बघून.